ड्यूकशी लग्न म्हणजे नक्की कशाशी लग्न? डेव्हनशायर घराण्यातल्या लेकीसुनांची गोष्ट

जून 1774. लंडनजवळच्या विम्बल्डनच्या चर्चमध्ये फारसा गाजावाजा न करता एक लग्न लागलं. मुलगी जेमतेम 17 वर्षांची, जॉर्जियाना स्पेन्सर, ऑल्थॉर्पच्या स्पेन्सरांची थोरली (हो, तेच स्पेन्सर, प्रिन्सेस डायना जॉर्जियानाच्या भावाच्या वंशातली). नवरा 25 वर्षांचा, विल्यम कॅव्हेंडिश, पाचवा ड्यूक ऑफ डेव्हनशायर (ड्यूक म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा सरदार), देशातल्या बड्या श्रीमंतांपैकी एक. डर्बीशायरमध्ये चॅट्सवर्थ आणि हार्डविक, लंडनमध्ये पिकॅडिलीवर डेव्हनशायर हाऊस, चिझिकचा बंगला, आयर्लंडमध्ये लिस्मोरचा किल्ला, म्हणजे स्थळ असं की कुठल्याही आईबापांनी डोळे झाकून हो म्हणावं.

जॉर्जियानाबद्दल लोक बोलतात ते तिच्या केसांबद्दल, तिचा तो हातभर उंच केशसंभार आणि त्यात खोचलेली शहामृगाची पिसं, मग जुगार, कर्ज, आणि एका छताखाली नवरा-बायको-मैत्रीण असा तिघांचा संसार. चघळायला मस्त आहे सगळं, मी पण चघळलंय. पण हे सगळे लोक असे का वागत होते, एवढ्या श्रीमंत बायका एवढ्या घाबरून का असायच्या, हे कळायचं तर आधी त्यांच्या लग्नाचा हिशोब समजून घ्यावा लागतो, नाहीतर ती नुसती भानगडींची यादी होते.

तर हिशोब असा. इंग्लंडच्या खानदानी घरात पदवी आणि जमीन जायची थोरल्या मुलाकडे. वाटण्या वगैरे भानगड नाही, धाकटे भाऊ सैन्यात, चर्चमध्ये नाहीतर पार्लमेंटमध्ये, आणि मुलींना एक ठरावीक रक्कम. पण गंमत म्हणजे तो थोरला मुलगा सुद्धा जमिनीचा खरा मालक नसायचा. त्यांच्याकडे ‘स्ट्रिक्ट सेटलमेंट’ नावाचा एक प्रकार होता, त्यात बाप हयात असताना मुलगा 21 वर्षांचा झाला की किंवा त्याचं लग्न ठरलं की दोघं मिळून कागद करायचे की ही जमीन मुलाला फक्त हयातीपुरती, त्याच्यानंतर त्याच्या थोरल्या मुलाला, जो अजून जन्मालाच आलेला नाही. म्हणजे ड्यूक हा एखाद्या देवस्थानाच्या ट्रस्टीसारखा, उत्पन्न खायचं, मान मिरवायचा, पण जमीन विकायची म्हटली की हात बांधलेले. दर पिढीला हा कागद नव्याने व्हायचा, त्यामुळे शेकडो वर्षं इस्टेटी फुटल्याच नाहीत.

आता यात बायको कुठे बसते बघा. लग्नाच्या आधी दोन्हीकडचे वकील बसून सेटलमेंट लिहायचे. मुलीचा बाप एक रक्कम द्यायचा, तिला ‘पोर्शन’ म्हणायचे, आपल्या भाषेत सरळ हुंडा. त्याच्या बदल्यात नवऱ्याकडून तीन गोष्टी ठरायच्या: तिला दर वर्षी वरखर्चाला किती मिळणार (याला ‘पिन मनी’ म्हणायचे, जॉर्जियानाला वर्षाला 4000 पौंड ठरले होते, जे त्या काळात डोळे पांढरे करणारे होते), नवरा गेला तर विधवा म्हणून दरसाल किती मिळणार, म्हणजे ‘जॉइंचर’, आणि थोरला मुलगा सोडून बाकीच्या मुलाबाळांना किती. लग्नाच्या दिवशीच जन्माला न आलेल्या धाकट्या लेकीचा हुंडा सुद्धा कागदावर ठरलेला असायचा.

आणि हा कागद इतका महत्त्वाचा का, तर त्याच्या बाहेर बायकोला काहीच नव्हतं. तिथल्या कायद्यात लग्न झालं की नवरा-बायको मिळून एक व्यक्ती, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. बायकोच्या नावावर स्वतःची मालमत्ता नाही, ती करार करू शकत नाही, कोर्टात स्वतःच्या नावाने दावा लावू शकत नाही. श्रीमंत बापांनी यावर पळवाट काढली होती, लेकीचा पैसा ट्रस्टी नेमून त्यांच्या हाती ठेवायचा म्हणजे जावयाला तो उडवता येत नाही, पण पळवाट पण पैसेवाल्यांसाठीच. आणि जावई दबाव आणायचेच. जॉर्जियानाची धाकटी बहीण हॅरिएट, तिचं 1780 मध्ये ड्यूकच्याच आतेभावाशी, लॉर्ड डंकॅननशी लग्न झालं, तो जुगारी निघाला आणि बायकोच्या सेटलमेंटमधला पैसा आपल्या हाती द्यावा म्हणून तिच्यामागे हात धुवून लागला. हॅरिएट पण जुगार खेळायचीच म्हणा, त्या घरात न खेळणारं कोण होतं हाच प्रश्न आहे.

एवढ्या सगळ्या बंदोबस्ताच्या बदल्यात सुनेने काय द्यायचं? मुलगा. बस. मुलगी चालायची, प्रेमाने वाढवायचे वगैरे, पण मुलगी म्हणजे काम अजून बाकी आहे. मुलगा झालाच नाही तर पदवी आणि इस्टेट दिराकडे नाहीतर चुलत घराकडे जाणार. म्हणून लग्नानंतर पहिली काही वर्षं तरुण सुनेवर सगळ्या खानदानाची नजर असायची, आणि जॉर्जियानाची गोची तिथेच झाली. तिला मूल होईना. गर्भपात झाले, आणि पहिली मुलगी जॉर्जियाना (घरात ‘लिटल जी’) झाली 1783 मध्ये, लग्नाला 9 वर्षं झाल्यावर. तोपर्यंत ड्यूकची बाहेरची मुलगी शार्लट घरी आलेली होती, ड्यूकला ती एका टोप्या शिवणाऱ्या बाईपासून झाली होती, लग्न ठरत होतं त्या सुमारासच, आणि ती बाई वारल्यावर जॉर्जियानाने त्या पोरीला स्वतः वाढवायला घेतलं. विशीतली मुलगी, स्वतःला मूल नाही, आणि नवऱ्याच्या बाहेरच्या लेकीला आनंदाने सांभाळते. हे नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लिटल जीच्या वेळचा एक प्रसंग मला फार बोलका वाटतो. जॉर्जियानाने ठरवलं की मुलीला मीच अंगावर पाजणार. तेव्हाच्या बड्या घरात दूध पाजायला बाई ठेवायची पद्धत, आणि कॅव्हेंडिश मंडळींना हा हट्ट आवडला नाही, कारण साधं होतं, अंगावर पाजणाऱ्या बाईला पुन्हा लवकर दिवस जात नाहीत आणि यांना तर मुलगा हवा होता. जॉर्जियानाने आईला लिहिलेल्या पत्रात पाळणा हलवायला ठेवलेल्या बाईचं गाऱ्हाणं आहे, ती बाई दारू प्यायची, बिछान्याला दारूचा वास यायचा, शेवटी एक दिवस ती इतकी पिऊन आली की पडली आणि ओकली, मग तिला घालवून दिलं. डेव्हनशायर हाऊससारख्या घरात, जिथे अर्धं लंडन जेवायला यायचं, तिथली मालकीण बाळाच्या पाळण्याशेजारी बसून असल्या कटकटी निस्तरतेय आणि वर सासरचे विचारताहेत की अजून किती दिवस पाजणार. 1785 मध्ये दुसरी पण मुलगीच झाली, हॅरिएट, घरात ‘हॅरियो’. (नावांचा घोळ होणार आहे, इलाज नाही, त्या घरात नावं ठेवायची कल्पनाशक्ती कमीच होती.)

मधल्या काळात, 1782 मध्ये, बाथ गावी या जोडप्याला लेडी एलिझाबेथ फॉस्टर भेटली. बेस म्हणायचे तिला. बेसला सगळेजण खलनायिका करून टाकतात, ते मला अर्धंच पटतं. ती एका अर्ल असलेल्या बिशपची मुलगी, नवरा जॉन फॉस्टर आयर्लंडमध्ये, लग्न मोडलेलं, आणि दोन्ही मुलगे त्याने ठेवून घेतले. कायद्याने मुलं बापाची. आई कोण, कशी, चूक कोणाची, याचा संबंधच नाही, बापाने भेटू नको म्हटलं की संपलं. बेसने आपल्या मुलांना पुढची 14 वर्षं पाहिलं नाही, 1796 मध्ये नवरा मेला तेव्हाच ती तिच्याकडे आली. हातात पैसा नाही, मुलं नाहीत, माहेरचा आधार नाही, अशा बाईला डेव्हनशायर हाऊसचं दार उघडलं तर ती सहजासहजी परत जाणार नव्हती. जॉर्जियानाची ती जिवलग मैत्रीण झाली आणि ड्यूकची प्रेयसी पण झाली, आणि ड्यूकपासून तिला दोन मुलं झाली, कॅरोलिन 1785 मध्ये इटलीत, ऑगस्टस 1788 मध्ये फ्रान्समध्ये. बाळंतपण परदेशात करायचं, नाव तिसरंच लावायचं, मग काही वर्षांनी ‘आश्रित मूल’ म्हणून घरात आणायचं, ही तेव्हाची ठरलेली पद्धत. कॅरोलिन सेंट ज्यूल्स डेव्हनशायर हाऊसमध्ये बाकीच्या मुलांबरोबरच वाढली, ऑगस्टस क्लिफर्ड नौदलात चढत गेला आणि पुढे सर झाला.

शेवटी 21 मे 1790 ला पॅरिसमध्ये, फ्रेंच क्रांतीची धामधूम चालू असताना, जॉर्जियानाला मुलगा झाला. विल्यम, मार्क्वेस ऑफ हार्टिंग्टन (ही ड्यूकच्या वारसाची पदवी), घरात ‘हार्ट’. लग्नाला 16 वर्षं झाली होती.

इथे त्या समाजाचा न लिहिलेला नियम येतो. वारस झाला की सुनेचं मुख्य काम संपलं, मग तिचं कुठे काही असलं तरी बऱ्याच घरांत काणाडोळा व्हायचा. अट एकच, बोभाटा नको आणि बाहेरचं मूल नको. वारसाआधी मात्र काही म्हणजे काहीच चालत नव्हतं, कारण पोरगा खरंच ड्यूकचा आहे ना ही शंका आली तर सगळी इस्टेटच कोर्टात. त्यामुळे यांच्या नीतिमत्तेकडे नीतिमत्ता म्हणून बघू नका, जमिनीचा सातबारा म्हणून बघा, लगेच सगळं सुसंगत वाटायला लागतं.

जॉर्जियानाने दुसरी अट मोडली. चार्ल्स ग्रे नावाचा तरुण खासदार, तिच्यापेक्षा 7 वर्षांनी लहान, तोच पुढे पंतप्रधान झाला आणि अर्ल ग्रे चहाला ज्याचं नाव लागलं तोच. 1791 मध्ये तिला त्याच्यापासून दिवस गेले. ड्यूकने सरळ सांगितलं की परदेशात जा, मूल देऊन टाक, ग्रेशी संबंध तोड, नाहीतर तुझी तिन्ही मुलं तुला परत दिसणार नाहीत. आणि हे तो बोलून दाखवत होता तेव्हा त्याचीच बाहेरची तीन मुलं त्याच्या पैशावर वाढत होती, त्यातल्या एकीला तर जॉर्जियानाच वाढवत होती. कायदा पूर्णपणे त्याच्या बाजूने. बाकी जुगाराची कर्जं, निवडणुकीतला प्रचार (1784 मध्ये फॉक्स नावाच्या पुढाऱ्यासाठी लंडनच्या गल्लीबोळात मतं मागत फिरली म्हणून पेपरवाल्यांनी तिची यथेच्छ बदनामी केली होती), सगळ्यातून ती निभावली होती, पण मुलांच्या नावाने दम दिल्यावर तिने एक शब्द काढला नाही.

लोकांना सांगायला कारण होतं, बहीण हॅरिएट आजारी आहे, हवापालट. ती खरंच आजारी होती म्हणा. आई, बहीण आणि बेस बरोबर गेल्या. फेब्रुवारी 1792 मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये मुलगी झाली, इलायझा कोर्टनी. बाळंतपणात मेले तर काय म्हणून जॉर्जियानाने त्याआधी दीडेक वर्षाच्या हार्टसाठी पत्र लिहून ठेवलं होतं, तो वाचण्याएवढा मोठा झाला की द्यायला. इलायझाला ग्रेच्या आईवडिलांकडे नॉर्थम्बरलंडला पाठवलं, तिथे ती ग्रेची बहीण म्हणून वाढली. शार्लटला घर मिळालं, कॅरोलिनला मिळालं, ऑगस्टसला मिळालं, इलायझाला नाही, कारण ती ड्यूकची नव्हती तर डचेसची होती, आणि नवऱ्याची बाहेरची पोरं इस्टेटीला धोका नसतात, बायकोची असतात. जॉर्जियानाला परत यायची परवानगी मिळाली ती 1793 मध्ये. हार्ट तेव्हा 3 वर्षांचा, त्याने आईला ओळखलंच नाही.

आता कोणी म्हणेल की घटस्फोट घ्यायचा ना. 1857 पर्यंत इंग्लंडमध्ये पुन्हा लग्न करता येईल असा खरा घटस्फोट फक्त पार्लमेंटमध्ये स्वतंत्र कायदा पास करून मिळायचा. म्हणजे तुमच्या एका लग्नासाठी एक बिल. त्याआधी चर्चच्या कोर्टात जायचं, आणि नवरे बहुतेक आणखी एक दावा ठोकायचे, बायकोच्या प्रियकराकडून नुकसानभरपाई मागण्याचा, याला ‘क्रिम कॉन’ म्हणायचे. बायको त्यात पक्षकारच नाही, तिची साक्ष नाही, तिचं म्हणणं नाही, दोन पुरुष भांडणार की हिची किंमत किती, मोलकरणींच्या साक्षी होणार आणि ते सगळं छापून रस्त्यावर विकलं जाणार. या सगळ्या काळात मिळून असे सव्वातीनशेच्या आसपास घटस्फोट झाले, त्यात बायकांनी मिळवलेले फक्त 4. हॅरिएटवर ही पाळी येता येता राहिली, नाटककार आणि खासदार शेरिडनबरोबर तिचं प्रकरण उघड झालं तेव्हा तिच्या नवऱ्याने घटस्फोटाची तयारी सुरू केली होती, आमच्या या ड्यूकनेच मध्यस्थी करून ते थांबवलं. ड्यूक थंड माणूस होता, पण खानदानाची बेअब्रू म्हटलं की जागा व्हायचा.

हॅरिएटची पुढची गोष्ट तर सिरियलवाले पण लिहायला धजणार नाहीत. 1794 मध्ये नेपल्सला तिला ग्रॅनव्हिल लेव्हसन-गोवर भेटला, ही तिशी ओलांडलेली, तो विशीतला. प्रकरण वर्षानुवर्षं चाललं, दोन मुलं झाली, 1800 आणि 1804 मध्ये, दोन्ही गुपचूप. मग 1806 मध्ये जॉर्जियाना 48 व्या वर्षी वारली, आणि ऑक्टोबर 1809 मध्ये ड्यूकने बेसशी रीतसर लग्न केलं. घरात राहिलेली हॅरियो तेव्हा 24 वर्षांची, बेस तिला लहानपणापासून डोळ्यासमोर नको असायची, आणि आता तीच घराची मालकीण. ड्यूकच्या लेकीने स्वतंत्र बिऱ्हाड करायचं म्हणजे एकच मार्ग, लग्न. दोन महिन्यांत, नाताळच्या आदल्या दिवशी, तिचं लग्न झालं. कोणाशी? ग्रॅनव्हिलशी. सख्ख्या मावशीच्या प्रियकराशी, मावशीच्या संमतीने. आणि कहर म्हणजे हे लग्न सुखाचं झालं, तो पुढे पॅरिसमध्ये राजदूत झाला, आणि हॅरियोने मावशीची ती दोन मुलं आपल्या घरात घेऊन वाढवली. मला या सगळ्या गोतावळ्यात हॅरियोच सगळ्यात जास्त आवडते, तिने तो सगळा गुंता वारसा म्हणून घेतला आणि कुठेही रडगाणं न गाता नीट लावला.

थोरली लिटल जी 1801 मध्ये कार्लाइल घराण्यात गेली, 12 मुलं, शांत संसार, गॉसिपला काही वाव नाही. हॅरिएटची मुलगी कॅरोलिन मात्र कवी लॉर्ड बायरनच्या पायी वेडीपिशी झालेली तीच लेडी कॅरोलिन लॅम्ब, तिच्याबद्दल एवढं लिहिलं गेलंय की मी सोडून देतो. पण तिचा नवरा विल्यम लॅम्ब लक्षात ठेवा, कारण तोच पुढे लॉर्ड मेलबर्न म्हणून पंतप्रधान झाला आणि 1836 मध्ये जॉर्ज नॉर्टन नावाच्या माणसाने त्याच्यावर क्रिम कॉनचा दावा लावला, 10000 पौंडांचा. नॉर्टनची बायको कॅरोलिन नॉर्टन ही कोण, तर त्या शेरिडनची नात. ज्यूरीने जागेवरून न उठता दावा फेटाळला. पण त्याने कॅरोलिनला काय मिळालं? काही नाही. बदनामी झाली ती झालीच, घटस्फोट नाही, आणि तीन मुलगे नवऱ्याने नेले ते नेलेच, बेसचे नेले होते तसेच, पन्नास वर्षांत कायदा एक इंचही हलला नव्हता.

फरक एवढाच की ही बाई लिहिणारी होती. तिने पत्रकं छापली, खासदारांच्या मागे लागली, आणि 1839 मध्ये कायदा झाला की वेगळी राहणारी आई 7 वर्षांखालच्या मुलांचा ताबा कोर्टाकडे मागू शकते आणि मोठ्या मुलांना भेटायची परवानगी पण. व्यभिचार सिद्ध झालेल्या आईला मात्र यातलं काही नाही, म्हणजे हा कायदा 1791 मध्ये असता तरी जॉर्जियानाच्या कामाचा नव्हता. कॅरोलिन नॉर्टनचा धाकटा मुलगा 1842 मध्ये घोड्यावरून पडल्याच्या जखमेने गेला, तेव्हा ती वेळेवर पोचू सुद्धा शकली नाही. 1857 मध्ये घटस्फोटाचं कोर्ट आलं, त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार पुरे, बायकोला मात्र व्यभिचार आणि वर छळ किंवा सोडून जाणं असं काहीतरी दाखवावं लागायचं, हा भेद निघायला 1923 उजाडलं. लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर सगळी मालमत्ता ठेवता येऊ लागली ती 1882 च्या कायद्याने, म्हणजे जॉर्जियानाच्या लग्नानंतर 108 वर्षांनी.

आणि ज्या वारसासाठी हा सगळा आटापिटा झाला त्या हार्टने काय केलं? लग्नच केलं नाही. सहावा ड्यूक, लोक त्याला ‘बॅचलर ड्यूक’ म्हणायचे, त्याने आयुष्य चॅट्सवर्थच्या बागा आणि काचघरं यात घातलं. त्याचा माळी जोसेफ पॅक्स्टनने तिथे वाढवलेल्या केळीला कॅव्हेंडिश नाव पडलं, आपल्या जळगावची बसराई त्याच कॅव्हेंडिश गटातली, तेव्हा खान्देशात या घराण्याचं नाव असं पोचलंय. तो 1858 मध्ये वारला आणि पदवी चुलत घराकडे गेली. पण त्या चुलत घरातल्या वारसाने, म्हणजे सातव्या ड्यूकने, 1829 मध्येच लिटल जीच्या मुलीशी, ब्लँचशी, लग्न केलं होतं. त्यामुळे आठवा ड्यूक हा जॉर्जियानाचा पणतू, पदवी तिच्याच रक्तात आली, फक्त लेकीच्या लेकीकडून आणि कागदावर त्याची नोंद न होता. कागदावर ती गेली पाचव्या ड्यूकच्या भावाच्या नातवाकडे. राजगादीसाठी थोरली मुलगी आधी हा नियम 2013 च्या कायद्याने आला खरा, पण तो सरदारांच्या पदव्यांना लागू नाही, ड्यूक ऑफ डेव्हनशायर ही पदवी आज पण मुलाकडेच जाते.